पप्पांच्या अंगातला देव

८ सप्टेंबर, रविवार
आज आरतीत पुन्हा! पप्पांचे खांदे उडायला लागले, मान एका बाजूला, बोटं पेटी वाजवल्यासारखी. नलिनीआत्या ओरडली, "बाळाक अवसर इलो!" — भावाच्या अंगात गावचा देव आला म्हणे. मग काय, अख्खा मजला पाया पडायला रांगेत!

हा देव टीव्ही बघतानाही येतो, दात घासतानाही येतो, रोज चहा सांडतो — हे त्या रांगेला कोण सांगणार? आजोबांचंही असंच व्हायचं. गाव त्यांच्याकडे कौल मागायला यायचं. शेवटी त्यांना घास गिळता येईना, माणसं ओळखू येईनात, तर म्हणे देव कोपला. वैताग आलाय मला ह्या देवाचा.

२० सप्टेंबर
आज पप्पांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेलंच. बाई शांत आहेत. त्यांना सरळ रेषेत चालायला लावलं. जीभ बाहेर काढून धरा म्हणाल्या, तर जीभ काही राहीना, सारखी आत! मग आजोबांचं विचारलं. त्यांचे वडील? त्यांच्याही अंगात यायचं. बाईंनी कागदावर तिघांची नावं एकाखाली एक लिहिली. "रक्ताची जनुकीय तपासणी करू या."

"देवाचा रगत काढतलास?" म्हणून पप्पा उठलेच. सरळ बाहेर जाऊन मुलुंडला, घरी, रिक्षा केली.

४ ऑक्टोबर
बाईंना फोन केला. हंटिंग्टन नावाच्या आजाराची शंका आहे. मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजतात — आधी हातपाय, मग बोलणं, स्वभाव, आठवण. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. प्रत्येक म्हणजे कोण? आमच्या घरात मी एकटीच.

मे महिन्यात सुयोगशी लग्न. आई गेल्यापासून घर आत्याच बघते, म्हणून आधी तिला सांगितलं. तिला काळजी एकच, लग्न मोडायची — "लगीन होयसर तोंड उघडू नको हां, श्रुती!"

५ ऑक्टोबर
आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहिले. राहिली! मूर्ख कुठली मी. रात्री पप्पांनाही सांगितलं, माझ्या निम्म्या शक्यतेसकट, तर ते उठून देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले.

१० ऑक्टोबर
आज जे झालं ते लिहिताना अजून रडू येतंय.

संध्याकाळी देवीच्या आरतीला पाचव्या मजल्यावरची शुभा तिच्या बाळाला घेऊन आली. दुपारपासून त्याला झटके येतायत. "काका, कौल द्या ना. हॉस्पिटलला नेऊ, की गावी देवीकडे?" आणि पोर त्यांच्या मांडीवर द्यायला पुढे केलं. पप्पांचे हात उडत होते. त्यांनी पोर घेतलंच नाही. देव काय बोलतो म्हणून सगळे पुढे सरकले.

"माका काय कळता गो?" पप्पा म्हणाले. "ह्यो देव नाय. माझो आजार आसा. माझ्या बापाशीकय होतो. पोराक आत्ताच्या आत्ता डॉक्टराक दाखव!"

शुभा पळालीच. आत्याने पदर तोंडाला लावला. पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या रगत देऊक जावया." मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. एवढा मान मिळत होता त्यांना, त्या पोरासाठी आणि माझ्यासाठी एका वाक्यात सोडला. माझा बाप आहे तो!

१३ ऑक्टोबर
शुभाच्या बाळाला औषध सुरू झालं. झटके थांबलेत.

३० ऑक्टोबर
पप्पांचा रिपोर्ट — हंटिंग्टनच. बरा होत नाही. पण अंग उडणं गोळ्यांनी कमी होतं, व्यायाम आहेत, नीट गिळायला शिकवतात. आणि माझ्यात असलं तरी माझ्या मुलात नसेल अशी सोय आहे! गर्भ बाहेर तयार करून, तपासून, मग पोटात ठेवतात. म्हणजे ह्या पाहुण्याला घरातून हाकलता येतं तर! किती दिवसांनी पोटभर जेवले.

१० नोव्हेंबर
आत्याचं ऐकलं नाही. जुहूला सुयोगला सगळं सांगितलं. शेवपुरी तशीच मऊ पडली. शेवटी म्हणाला, "तुझी टेस्ट कधी?" बस. एवढंच!

१३ नोव्हेंबर
रक्त दिलं. सुयोग शेजारी बसला होता. परत तेच — "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू ना." म्हणजे चांगला आला तरच लग्न, असंच ना रे? विचारायची हिंमत झाली नाही.

२४ नोव्हेंबर
गोळ्या लागू पडतायत. आज पप्पांनी अख्खा कप चहा न सांडता प्यायला! लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, "माका हंटिंग्टन आसा" — डिग्री मिळाल्याच्या थाटात. आत्याही आता त्यांचा भात मऊ करते, बिनबोभाट.

गोरेगावहून सुयोगचा फोन नाही. मीही केला नाही.

१२ डिसेंबर
आहे. माझ्यातही आहे.

केबिनबाहेर सुयोग रडला. मग नाक पुसून त्याने त्याच्या बाबांना फोन लावला — "बाबा, मेचा हॉल रद्द करा." मी पर्स उचलून उठले, तर फोनवरच तो म्हणाला, "संक्रांत झाली की पहिला मुहूर्त कुठला ते बघा. आम्हाला एवढं थांबायचं नाहीये."