ओटी बांधायच्या आधी

पिंपळगाव राजा,
शुक्रवार

प्रिय शालू,

दोन दिवस उकंडरावाच्या सुनेच्या उशाशी बसली, पायाळू आलेलं लेकरू जिवंत काढलं, मायलेकरं दोघंही वाचवली, आणि त्या एवढ्या मोठ्या घरातून तू घेऊन काय निघाली, तर एक खण आणि एक नारळ! वरून त्यांच्याच उंबऱ्यात वाकून नमस्कारही करून आली म्हणे. हे मले कोणी सांगितलं? सुगराबीनं. तिची लेक तुझ्या मेहकरलेच दिली आहे ना, तिच्याकडं गेली की बांगड्यांची पेटी सोबत नेते आणि चार घरं करून येते. उकंडरावाकडं बारशाच्या बांगड्या भरायले हीच होती. तिले डझनाचा भाव विचारला आणि रोख दाम हातावर ठेवले. तुझा विषय निघाला तर उकंडरावाची बायको हसून म्हणे, शालू का परकी आहे, ती तर आमची लेकच! सुगराबी आपल्या अंगणात बसून हे सांगे आणि कपाळावर हात मारे. ‘मांगतीच नहीं वो, बाई. मैं तो मांग के लेती.’ मले असा संताप आला की तव्यावरची भाकर जळून गेली तरी उठली नाही. आणि त्याच उकंडरावानं पोळ्याच्या आधी बैलाच्या खुराले औषध लावणाऱ्याले पाच रुपये मोजले, हेही तिनंच सांगितलं. बैलाचा खूर पाच रुपयांचा, अन् नातू एका नारळाचा!

आता तुझं पत्र. ते इंद्रभाननं जेवता जेवता मोठ्यानं वाचून दाखवलं. भागत नाही, खोलीचं भाडं थकलं, लोक चांगले आहेत पण माझाच जम बसला नाही, आत्याचीही तब्येत बरी नाही असं दादानं लिहिलं, म्हणून सगळं आवरून घरी येते. तुझा भाऊ वाचता वाचता असा खूश झाला की त्यानं वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी मात्र ताटावरून उठली. जम बसला नाही म्हणते! दसऱ्याले तूच लिहिलं होतं की वर्षात चौतीस बाळंतपणं केली आणि एकही बाई दगावली नाही. मग जम कशाचा नाही बसला? कामाचा बसला, मागायचा नाही बसला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तू त्या एकाच गाठोड्यात बांधून घरी घेऊन येऊन राह्यली. नागपूरच्या दवाखान्यात तुले दीड वर्ष हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची ते शिकवलं. दाम कसा सांगायचा ते कोणी शिकवलं नाही. ते मी शिकवते. मी दुसऱ्या बुकापर्यंतच शिकली, हे खरं, पण हा धडा माझा पाठ आहे. आणि माझ्या तब्येतीचं नाव मध्ये घालू नको. त्याचं मी शेवटी पाहते.

तू पाच-सहा वर्षांची असशील तेव्हाची गोष्ट. मी महादेवरावांच्या वावरात वेचणीले जात होती. आमची रीत तुले माहीतच आहे. सकाळी लुगड्याचा पदर कंबरेले बांधून ओटी करायची, दिवसभर त्या ओटीत कापूस वेचायचा, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची, आणि सांजच्याले मालकाच्या समोर ढीग घालायचा. मग मालक आपल्या मनानं वाटा द्यायचा, वीस ओट्यांमागे एक, कधी पंचवीसांमागे एक. आम्ही पदर पसरून उभ्या. घरी लेकरं रडून राह्यलेली, पाठ मोडलेली, अंधार पडत आलेला. त्या वेळी भांडायले कोणाच्या अंगात जीव राहतो? बरं, भांडली तर मालक म्हणे, अवं, तू तर घरचीच, तुझ्याशी काय हिशेब! दहा वर्षं मी अशी घरची राह्यली. मग एके दिवशी सांजच्याले वाट्याची मूठ हातात घेऊन परत येता येता मले कळलं की आपण मागतो ते खोटं नाही, मागायची वेळ खोटी आहे. काम झाल्यावर मागणारी बाई भिकारणीसारखी दिसते. तेच काम हाती घ्यायच्या आधी विचारलं तर ती कामकरीण दिसते. बाई तीच, तोंड तेच.

पुढल्या साली सीतादहीच्या दिवशी मी काय केलं, तू ऐकलं असशील, पण माझ्या तोंडून ऐक. पहिल्या वेचणीची ती सकाळ. वावराच्या कोपऱ्यात दहीभाताचा निवद दाखवल्याशिवाय कापसाले हात लावत नाहीत, आणि निवद दाखवल्यावर त्या दिवशी वेचणी झाल्याशिवाय राहत नाही. तसं राह्यलं तर सालभर बरकत जाते असं मालकालेच वाटते. मी बायांले रात्रीच सांगून ठेवलं होतं की दहीभात घेऊन या, पण ओटी बांधू नका. वीस बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभ्या, पदर मोकळे. महादेवराव आले, म्हणे, अवं रुखमे, काऊन थांबल्या? मी म्हटलं, वाटा सांगा. ते म्हणे, सांजच्याले पाहू. मी म्हटलं, मग ओटीही सांजच्याले बांधू. तर ओरडले, रुखमे, दही आंबून जाईल! मी म्हटलं, आंबू द्या, पाटील, आम्ही आंबटच खातो. बाया अशा हसल्या की विचारू नको. तिकडं कापूस पांढराफेक फुटलेला, आभाळात थोडं मळभ. सूर्य बाभळीच्या वर आला तेव्हा पंधरांमागे एक ठरलं. मग आम्ही निवद दाखवला, ओट्या बांधल्या, आणि त्या दिवशी जेवढा कापूस वेचला तेवढा आधी कधीच वेचला नव्हता. महादेवरावांनी मले वावरातून काढलं का? उलट दुसऱ्या सालापासून त्यांच्या घरून वेचणीच्या आधी निरोप येते, रुखमाबाईंले विचारा काय घेतात ते. बाई म्हणतात आता. रुखमी गेली.

आता तू म्हणशील, आत्या, बाळंतपण का कापूस आहे? बाई कळा देऊन राह्यली आणि मी उंबऱ्यात उभी राहून दाम बोलू? नाही. तसं करणारीच्या हाताचं पाणीही मी पिणार नाही. म्हणूनच तर सांगते, तुझी ओटी कळा सुरू झाल्यावर बांधली जाते, तर बोलायचं त्याच्या कितीतरी आधी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, गावभर बाया बोलावतात, तुलेही बोलावतात. तेव्हा जेव, हस, गाणी म्हण, आणि निघताना सासूले बाजूले घेऊन शांतपणे सांग. पोटावरून हात फिरवून पाहायचं इतकं, बाळंतपणाचं इतकं, पुढले दहा दिवस येऊन पाहायचं त्यातच आलं, अर्धं आज, अर्धं बारशाले. बस. आवाज चढवायचा नाही, खालीही पाडायचा नाही, आणि आकडा सांगितल्यावर गप बसायचं. हे गप बसणंच कठीण आहे. मले माहीत आहे, तू आकडा सांगून लगेच म्हणशील, पण तुमच्या मनाले येईल ते द्या. ती दुसरी ओळ गिळून टाक. मोठ्या घराले दहा रुपये, मधल्याले चार, आणि बानोसारखीले काहीच नाही. बानोचा नवरा पिंजारी, स्वतःचं पोट भरायची मारामार, पण तिचं बाळंतपण तू केलं तर त्यानं तुझी गादी फुकट पिंजून भरून दिली, हेही सुगराबीनं सांगितलं. बघ, ज्याच्याजवळ नाही त्यानं दिलं. मोठ्या घरचे दहा रुपये आले तरच तुले बानोकडं फुकट जाता येईल. तू खोली सोडून इकडं आली तर बानोच्या पुढल्या बाळंतपणाले कोण जाईल? उकंडरावाले बुलढाण्याहून डॉक्टर आणता येते. तिले नाही.

आणखी एक. पैसा आला की सोनं करू नको. मी केलं होतं, कापसाच्या वाट्यातून, चांगल्या ठसठशीत पाटल्या. इंद्रभानच्या लग्नात नवरीच्या हातात तीन दिवस घालायले मागून नेल्या, त्या आज सात साल झाले तिच्याच हातात आहेत. ती भाकर थापते तेव्हा मले माझ्या पाटल्यांचा आवाज ऐकू येते. हातातलं सगळ्यांले दिसते, म्हणून सगळ्यांले मागता येते. पोस्टात टाक, पुस्तक आपल्या नावाचं कर, आणि ते पुस्तक भावाजवळ ठेवायले देऊ नको. तुझा भाऊ वाईट नाही. पण तो भाऊ आहे.

आता इंद्रभान खूश काऊन झाला ते सांगते, कारण तो तुले हे लिहिणार नाही. त्यानं तुझ्यासाठी सोनाळ्याचं स्थळ पाहून ठेवलं. वामनराव म्हणून आहेत, बायको वारली, दोन लेकरं, विहिरीवरचं बागायत. येऊन गेले इथं. माणूस वाईट वाटला नाही. पण बोलता बोलता म्हणे, शिकलेली आहे हे बरं झालं, घरातलं दुखणंखुपणं पाहील, आमच्या भावकीतल्या बायांचंही होऊन जाईल. ऐकलं? मेहकरात खण-नारळ तरी मिळते, तिथं तेही नाही. लग्न कर, मी नाही म्हणत नाही. मी बाराव्या वर्षी रांडाव झाली, मले एकटेपणाची हौस नाही. पण तुले लग्न करायचं असेल तर जम बसल्यावर कर, हरली म्हणून करू नको. भाडं थकलं म्हणून कोणी नवरा करते का?

आणि आता ते तब्येतीचं. इतकं लिहून झालं, तरी हे लिहायले हात जड झाला. आश्विनात मी वावराच्या धुऱ्यावरून पडली. कंबर गेली. वैद्य म्हणे, आता वाकायचं नाही, म्हणजे वेचणी संपली. यंदा सीतादहीले मी घरीच होती, बाया माझ्याशिवाय गेल्या आणि सांजच्याले वाटा विचारायचं विसरून आल्या. वीस दिवस खाटेवर पडून होती. सूनबाई पाणी देत होती, पण तांब्या आपटून. तेव्हा एके दुपारी मीच इंद्रभानले म्हटलं, बाबा, शालूले बोलावून घे, तिले लिही की आत्या बरी नाही. मी म्हटलं! त्यानं स्थळ नंतर पाहिलं, पण दार मी उघडलं. मले माझी लेक उशाशी पाहिजे होती, फुकट, घरची म्हणून. उकंडरावाच्या बायकोनं जे केलं तेच मी केलं, आणि तिच्यावर भाकर जाळत बसली. तुझं पत्र ऐकलं तेव्हा कळलं की तू माझ्यासाठी खोली मोडून राह्यली. म्हणून हे पत्र. तू येऊ नको. मी येते. वाकता येत नाही, पण पाट टाकून दारात बसता येते आणि तोंड पहिल्यापेक्षा चांगलं चालते. तुझ्या तोंडून आकडा निघत नाही, माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. डोहाळजेवणाले मले सोबत ने, सासूशी मी बोलते, तू फक्त हात धू. माझंही आधीच सांगून ठेवते, मी फुकट येणार नाही, घरची असली तरी. पंधरा रुपयांमागे एक रुपया माझा, आणि दोन वेळची भाकर. थकलेलं भाडं मी येताना आणते, ते मले परत पाहिजे. कबूल असेल तर सांग, नसेल तर तसं सांग, पण मनाले येईल तसं कर असं लिहू नको. हे पत्र सुगराबीच्या हाती देते. ती रविवारी मेहकरले पोचेल आणि बुधवारी सांजच्याले इथं परत येईल. गुरुवारी सकाळी इंद्रभान नारळ घेऊन सोनाळ्याले शब्द द्यायले निघणार आहे. त्याच्यासाठी एक ओळ आणि माझ्यासाठी एक ओळ, दोन्ही तुझ्या हातच्या, बुधवारी सांजच्याले मले पाहिजेत. गाठोडं मी बांधून ठेवलं आहे. गाठ मात्र तुझं उत्तर आल्यावरच मारीन.

वाट पाहून राह्यलेली, तुझीच,
रुखमाआत्या