टिटवीचा आवाज

४ जानेवारी

‘तू पडद्यामागेच बरी.’ शाळेतल्या नाटकाच्या बाई म्हणाल्या होत्या. मी चौदा वर्षांची, ओठांवर मिशी चिकटवून उभी! आवाजच नाही म्हणे तुला. पडद्याची दोरी हातात दिली. त्याला तीस वर्षं झाली. फार वाईट वाटलं असंही नाही. पडदा छान ओढायचे मी.

आज ते आठवलं, कारण लेकीने भिंतीवर कागद चिकटवलाय. नाटकच शिकायचं, दुसरं काही नाही! जन्मली तेव्हा इतकी किंचाळली की नर्स म्हणाली, ‘टिटवी आहे हो ही.’ तेच नाव घरात राहिलं. तर टिटवीच्या कागदावर पाच कॉलेजं होती, तीन खोडली. उरली दोन.

जवळचं — बसने चाळीस मिनिटं. छोटी खोली, कॅमेरा, कॉलरला माइक.

लांबचं — रात्रभराची गाडी. मोठं जुनं नाट्यगृह. माइक नाही. परीक्षक शेवटच्या रांगेत बसतात आणि तीन मिनिटं ऐकतात. तिचे नाटकाचे सर तिथेच शिकलेले. तिला खरं तर तेच हवंय. तोंडाने म्हणत नाही, पण त्या नावाखाली दोन रेघा ओढल्यात.

दोन्हीकडच्या ऑडिशन एकाच दिवशी! तेरा फेब्रुवारी. एकच निवडायचं.

७ जानेवारी

सराव सुरू. तिने एक परटीण निवडलीय. धुवायला आलेल्या कोटाच्या खिशात चिठ्ठी सापडते आणि परटीण ती मालकाला परत देत नाही, असं काहीसं. मालकाची वाक्यं मी वाचते.

वाचते म्हणजे दवाखान्यात वाचते तशीच. कानाच्या डॉक्टरांकडे बावीस वर्षं तेच करतेय. तोंडापुढे पुठ्ठा धरायचा आणि शब्द वाचायचे, सगळे एका वजनाचे. म्हणजे पेशंटला ओठ बघून अंदाज करता येत नाही. तो ऐकू आलेला शब्द परत म्हणतो. मी बरोबर की चूक, खूण करते.

‘आई, तू यंत्रासारखी वाचतेस ना, ते बरं पडतं. सर वाचायला लागले की माझ्याआधी तेच रडतात.’

मी म्हटलं, ‘वाक्यांची शेपटं खातेस. जरा मोठ्याने.’

म्हणाली परत.

‘अजून मोठ्याने.’

‘काल सर म्हणाले ओरडू नकोस. तू म्हणतेस मोठ्याने. तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा ना! मी तोवर चहा टाकते.’

हसू आलं. पण सरांना नाटक कळतं. आवाज मला कळतो.

८ जानेवारी

अकरा पेशंट. पाय सुजलेत. काही लिहायचं नाही.

१२ जानेवारी

एका आजोबांना सून घेऊन आली. आजोबा खुर्चीत बसायच्या आधीच भांडायला तयार. ‘मला सगळं ऐकू येतं! ही तोंडातल्या तोंडात बोलते त्याला मी काय करू?’ सून बिचारी छताकडे बघत होती. दोन्ही कान निम्म्याच्या वर गेलेले. बावीस वर्षांत माझा कान गेला असं म्हणत कुणीही आलेलं नाही. जग पुटपुटतं, ह्यांचे कान ठणठणीत!

घरी येऊन सांगितलं तर टिटवी आणि तिचा बाबा पोट धरून हसले.

दमले. हल्ली काम अंगावरच येतं. सकाळी कान तपासायचं यंत्र स्वतःच्या कानाला लावून सगळे सूर ऐकायचे आणि वहीत ‘ठीक’ लिहायचं, असा नियम आहे. पूर्वी मनापासून करायचे. आता पर्स ठेवता ठेवता सही ठोकते. चार वर्षं तरी झाली असतील. यंत्र बिचारं चालतंय.

१५ जानेवारी

बाबा शाळेची बस चालवतो, त्यामुळे संध्याकाळी लवकर घरी असतो. आज त्याने टिटवीची तीन मिनिटं ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. ‘अगं, शेजारीण विचारत होती, कोणाची चिठ्ठी सापडली म्हणून! अर्ध्या गल्लीला पाठ झालंय तुझं भाषण.’

त्याला काय, सगळंच छान वाटतं. लहानपणी हिने भिंतीवर रेघोट्या मारल्या तर ह्याने रंग द्यायचा थांबवला होता.

लांबच्या कॉलेजचा अर्ज वीस तारखेपर्यंत जायला हवा. टिटवी विचारते, ‘आई, तुला काय वाटतं?’ मी म्हटलं, सांगते. खरं तर मला काय वाटतं ते तिला सांगवत नाही. मला शेवटची रांग दिसते. काळोखात बसलेली चार माणसं, त्यातला एक पेन खाली ठेवतो. आणि माझी मुलगी तिकडे हात हलवत बोलत राहते.

१९ जानेवारी

आज केलंच. सरांकडून तिच्या आत्ताच्या कॉलेजच्या सभागृहाची किल्ली घेतली. आम्ही दोघीच. तिला स्टेजवर उभं केलं, मी शेवटच्या रांगेत. म्हटलं, सुरू कर.

सुरुवात आली. मग तो हळू भाग, ती चिठ्ठी उलगडते तो. काही नाही! ओठ हलताना दिसत होते. मधूनच एखादा शब्द, पाण्यातून वर आल्यासारखा. मी पुढे झुकले, श्वास धरून बसले. नाहीच.

उठून पुढे गेले. पायऱ्यांवर बसलो दोघी. तिच्या कपाळावर घाम होता, थंडीतसुद्धा.

‘कसं झालं?’

मी सांगितलं. शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. तू चांगलं करतेस. पण आवाज पोचत नाही गं. तिथे माइक नाही. जवळच्या ठिकाणी माइक आहे, कॅमेरा आहे, तिथे तुझं सोनं होईल.

ती बराच वेळ बुटाची नाडी ओढत बसली. ‘सर तर म्हणतात…’

‘सरांचा जीव आहे तुझ्यावर. मी रोज हेच करते, टिटवे. किती आवाज किती लांब जातो, हेच.’

‘हो ना. तुझं तर कामच आहे ते. तू म्हणतेस म्हणजे खरंच असणार.’

रडली असती तर बरं झालं असतं.

२० जानेवारी

लांबचा अर्ज गेला नाही. तिने तो नीट घडी घालून वहीत ठेवला.

२३ जानेवारी

सरांचा फोन. ‘ताई, काय केलंत हो हे? ती पोर बिनमाइकचीच आहे!’

मी म्हटलं, ‘सर, आवाजाचं मला कळतं.’ जरा तोऱ्यातच म्हटलं.  ते म्हणाले, ‘ठीक आहे. आई तुम्ही आहात.’

टिटवी परवापासून आंघोळ करताना गात नाहीये.

२७ जानेवारी

जवळच्या कॉलेजचा सराव. ती बरोबर करते सगळं. अगदी बरोबर. लक्ष दुसरीकडे ठेवून भांडी घासावीत तसं.

२ फेब्रुवारी

 आजचं लिहायलाच हवं.

यंत्राची वार्षिक तपासणी होती. दुरुस्तीवाला दरवर्षी तोच येतो, पोक काढून चालणारा, बडबड्या. त्याची वायरी-मीटरं झाली. मग म्हणाला, ‘ताई, एक चांगला कान द्या बघू. बसा तुम्हीच, पाच मिनिटांत होईल.’ दरवर्षी दवाखान्यातल्या धाकटीला बसवायचो, बाहेर पेशंटची नावं लिहिते तिला. आज ती रजेवर.

मी आवाजबंद खोलीत बसले. हेडफोन घातले. हातात बटण. बावीस वर्षं मी काचेच्या त्या बाजूला असते. जाड सूर आले, दाबलं. मधले आले, दाबलं. मग काही आलंच नाही. मला वाटलं, त्याला फोन आला असेल. काचेतून बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता, हात बटणावर.

दार उघडून म्हटलं, ‘वरचे सूर गेलेत तुमच्या यंत्राचे.’

त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. सूर लावत गेला, मान हलवत गेला. मग सावकाश काढून ठेवले.

‘यंत्र ठीक आहे, ताई.’

एवढा बडबड्या माणूस, खाली बघून वायरी गुंडाळायला लागला. मी त्याला दुपारपर्यंत थांबवून घेतलं.

दुपारी दार लावून परत बसले. त्यालाच करायला लावलं, सगळं, दोन्ही कान. कागद माझ्यासमोर आहे. रेघ डावीकडे, जाड सुरांवर, सरळ चालते आणि मग बारीक सुरांपाशी कठड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाते. दोन्ही कान तसेच. स, श, त, फ — हलक्या आवाजातले सगळे नाजूक वर्ण त्या खड्ड्यात.

पेशंट शब्द परत म्हणायचे आणि मी ‘चूक’ अशी खूण करायचे. त्यांतले किती बरोबर असतील?

आणि ती. सभागृहात. ती चिठ्ठी उलगडत होती.

३ फेब्रुवारी

बाबाला सांगितलं. तो म्हणाला, ‘टीव्ही मोठा लावतेस हे दिसत होतं गं. पण मी काही म्हटलं की तू म्हणणार, हे माझं क्षेत्र आहे.’ मग माझा हात धरून बसला. तेही नको वाटत होतं.

टिटवीला सांगायचं धाडस होत नाही. आज नाही.

४ फेब्रुवारी

सांगितलं. तिच्या खोलीत, खुर्चीवरचे कपडे मांडीवर घेऊन बसून. कागद दाखवला. असे कागद कसे वाचायचे ते तिला लहानपणापासून येतं.

रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या दिवशी मागे ऐकू येत होतं?’

‘मला नाही. दुसऱ्या कुणालाही आलं असतं.’

‘ऐकू येत होतं!’ ती उभी राहिली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता, खरंच. मग बघता बघता गेला. ‘मी घसा फाडत होते, आई. पंधरा दिवस. सर म्हणायचे ओरडू नकोस, आणि घरी आल्यावर तू. मला वाटायला लागलं होतं की सर माझी कीव करतात.’

‘चुकलं माझं.’

‘मला राग पण धड येत नाहीये, कारण तुझे कान गेलेत! रागावू तरी कोणावर?’

‘माझ्यावर. रागाव. कानांचं मी बघते.’

‘बाहेर जा ना जरा,’ म्हणाली. दार लागलं. लागलेलं ऐकू आलं मला. जाड आवाज येतात.

६ फेब्रुवारी

दोन दिवस अबोला. आज सकाळी ती बूट घालता घालता म्हणाली, तोंड माझ्याकडे वळवून, सावकाश, ‘लांबच्यांनी अजून अर्ज घेतला तर मी तिकडेच जाईन. जवळचं सोडून. चालेल तुला?’ तोंड वळवून बोलली! मी लोकांच्या मुलांना शिकवते ते — असं बोला तुमच्या आईशी.

‘चालेल,’ म्हटलं. रात्रभराच्या गाडीचं मनात आलं, ते गिळलं.

दवाखान्यातून लांबच्या कॉलेजला फोन लावला. कारकूनबाई. दोनदा ‘परत सांगता का’ म्हणावं लागलं. ‘अहो बाई, मुदत म्हणजे मुदत. वीस तारीख होती, आज सहा. पावणेतीनशे अर्ज आलेत, सगळ्यांच्या आया फोन करतात.’ मग जरा मऊ होऊन, ‘विभागप्रमुखांना लिहून बघा. पण नाहीच म्हणतात ते. आजवर कोणाला हो म्हटलेलं मी तरी पाहिलं नाही.’

७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंसमोर कागद ठेवला आणि सही-शिक्का मागितला. त्यांनी तो दोनदा वाचला. यंत्र न ऐकताच ठोकलेल्या चार वर्षांच्या सह्यांचंही मीच सांगितलं. त्यांनी सही केली. ‘सोमवारपासून आत धाकटी बसेल. तुमचं बघू काय करायचं.’ बरोबरच आहे.

मग विभागप्रमुखांना लिहिलं: मुलीचा अर्ज उशिरा येतो आहे, कारण तिचा आवाज पोचत नाही असं मी तिला सांगितलं. मी कान तपासते, म्हणून तिने ते खरं मानलं. माझ्या कानांचा आलेख सोबत जोडला आहे. तेरा तारखेला सगळ्यांच्या शेवटी, तीन मिनिटं द्या. तुम्ही स्वतः ऐका. माझ्या ऐकण्यावर जाऊ नका.

टिटवीने वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक काढली. ‘पाठव,’ म्हणाली.

नाहीच म्हणतील. पाठवलं.