शनिवारी बंद

१२ जानेवारी, सोमवार

आज लियोराच्या एमबीएच्या वर्गात आपल्या तेलाच्या घाण्याची चिरफाड झाली. करणारी माझीच मुलगी! मला पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसवलेलं. फळ्यावर 'कमकुवत बाजू' आणि त्याखाली — शनिवारी बंद. मागून कोणीतरी म्हणालं, "आंटी, शनिवारीच तर लोक खरेदीला निघतात." म्हटलं, "मग शुक्रवारी निघा." सगळे हसले. मी गंमत करत नव्हते.

१३ जानेवारी, मंगळवार

लियोराशी बोलणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार

बोलले. "मम्मी, स्वस्त रिफाइंडपुढे आपण किती टिकणार?" प्रश्न खरा आहे. पनवेलच्या बाजारातली जुनी गिऱ्हाइकं गळत चाललीत, दोनपैकी एक घाणा थांबवावा लागला. पण आम्ही बेने इस्रायली, इथले ज्यू — कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे! तेल गाळणारे आणि शनिवारी, शब्बाथला, कामाला हात न लावणारे. मी काही मोठी धार्मिक नाही. सिनेगॉगला सणासुदीला जाते. पण नवरा गेल्यावर माझं म्हणून जे उरलं, त्यात हा एक दिवस आहे. तो देणार नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

मोठ्या तेल कंपनीचा प्रितेश आला. सोमवारी वर्गात परीक्षक म्हणून बसला होता तोच. त्याला घाणा विकत हवा, आणि त्याहून जास्त हवीय ती दारावरची पाटी! 'शनिवारी बंद' बाटलीवर छापणार. "लोकांना असं जुनं, प्रामाणिक आवडतं, मॅडम." तेल मात्र जासईच्या त्यांच्या प्लांटमध्ये, सातही दिवस. "मग बंद काय असणार?" विचारलं. त्याने बाटलीचं चित्र पुढे सरकवलं.

घाण्यावरचा आपला जुना माणूस देवजी आपट्याहून येतो. त्याला सांगितलं. "सातय दिस? आमाला नाय जमायचं, ताई. शनवारी मी माज्या घरचा हाय."

१६ जानेवारी, शुक्रवार

रुबेनचा इस्रायलहून, अश्दोदहून फोन. माझा दीर, अर्ध्या हिश्शाचा मालक. त्याला प्रितेशचं सांगितलं. "वहिनी, बाबांच्या शनिवाराला हात लावू द्यायचा नाही." इतकं बरं वाटलं! आता प्रितेशच काय, त्याचा साहेब येऊ दे.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली. पुरे.

१८ जानेवारी, रविवार

प्रितेशला फोनवर स्वच्छ नाही सांगितलं. लियोरा शेजारीच बसली होती. मग म्हणाली, "बंद घाणा परत सुरू करूया का?" पोरगी माझी आहे खरी!

प्रितेश नुसतं "ठीक आहे, मॅडम" म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. रुबेनला कळवायला फोन केला, उचलला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

रुबेनने त्याचा अर्धा हिस्सा कंपनीला विकला. प्रितेशने पाठवलेला कागद लियोराने मोबाइलवर दाखवला. सहीखालची तारीख मी दोनदा वाचली. परवाची. शनिवार.

दुपारी मी घाण्याला नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे.