वगळायच्या यादीतली रद्दी

वारजे, रविवार दुपार

अभयदादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असं समज). "जे पुन्हा मिळवता येतं ते वगळ, उरेल तेवढंच सांभाळ." हे तू आठ वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, माझ्या लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करता करता म्हणाला होतास. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. तुझा गुडघा, वहिनीची शुगर आणि येरवड्याचं पाणी ही तिन्ही आता ठीक असावीत. इकडे मी बरी आहे, लॅपटॉप वारला. मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

तुझी ती बॅकअपची स्क्रिप्ट इतकी वर्षं गुणी मुलीसारखी चालली. रोज संध्याकाळी सहाला एक कमांड द्यायची. कालपासून जे बदललं तेवढंच ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि तीस दिवसांपूर्वीची प्रत पुसून टाकायची. जानेवारीत डिस्क भरली. प्रकाशक माझ्या भाषांतरांची प्रूफं स्कॅन करून पाठवतात, एकेक फाईल हत्तीएवढी, आणि ती सगळी मी 'रद्दी' नावाच्या फोल्डरात टाकते (पुन्हा मागितली तर ते पुन्हा पाठवतात, चुकाही त्याच असतात). तुझं वाक्य आठवलं. वगळायच्या यादीत मी एक ओळ घातली: रद्दी. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत उरकलं, महिन्याभरात डिस्कही मोकळी झाली. त्या आनंदात मी एकटीपुरता शिरा केला.

मागच्या महिन्यात लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. स्वारगेटजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात सलोनी नावाची मुलगी बसते, तिने तो उघडून पाहिला आणि आतली डिस्क गेली म्हणून सांगितलं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. "बॅकअप आहे ना काकू? मग इथे गर्दी कशाला करताय?" (दुकानात मी एकटीच होते.) घरी येऊन नव्या लॅपटॉपवर सगळं परत उतरवलं. सगळं आलं. २०१९चं विजेचं बिल आलं, शेजारच्या ऋतुजाच्या बारशाच्या आमंत्रणाचे सात मसुदे आले. तात्यांच्या फोल्डरात त्यांची 'रद्दी' मात्र नव्हती.

तेव्हा कुठे मी तुझी स्क्रिप्ट पहिल्यांदा नीट वाचली. आधी स्लॅश देऊन पूर्ण पत्ता लिहिला असता तर माझीच रद्दी वगळली गेली असती. नुसतं नाव दिलं, की त्या नावाचा फोल्डर जिथे म्हणून सापडेल तिथे ती तो सोडून देते. आणि जानेवारीआधीच्या प्रती तीस दिवसांच्या नियमाने केव्हाच गेल्या होत्या. रोज संध्याकाळी ती मला 'पूर्ण झाले' म्हणून सांगायची आणि मी समोर चहा पीत समाधानाने मान डोलवायचे.

दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी सोडून दिली असती. पण मी तात्यांची मुलगी आहे. आपल्या घरात 'महत्त्वाचे' लिहिलेल्या गठ्ठ्यात जुनी कॅलेंडरं असायची, आणि सातबारे, आईची पत्रं, तुझी प्रगतिपुस्तकं 'रद्दी' लिहिलेल्या गठ्ठ्यात, कारण चुलते आले की आधी 'महत्त्वाचे' लिहिलेला गठ्ठा उघडून बघायचे. माझ्या लॅपटॉपवर कॉम्प्युटर शिकल्यावर त्यांनी पहिला फोल्डर कुठल्या नावाचा केला, हे मी शेजारी बसून पाहिलं होतं. त्यात त्यांच्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंग होती. शेत बिल्डरला दिल्यावर त्याच शेतावर मिळालेल्या या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते सकाळी आपल्या फोनवर रेकॉर्ड करत सांगायचे, कुठल्या इमारतीखाली काय होतं ते. "बी विंगच्या खाली आपली विहीर हाय. लिफ्ट खाली जाती तवा मला पानी ऐकू येतं." त्यांचा फोन मीच पुसून कामाच्या सोजरबाईंना देऊन टाकला (बॅकअप आहे, या भरवशावर).

ती अकराही त्यांनी तुझ्या फोनवर पाठवली होती. तुला न विचारता शेत दिलं म्हणून तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस, ते शेवटपर्यंत. तेराव्याला जिन्यात मला म्हणालास, "ऐकणार नाही. पुसणारही नाही." तेव्हा फार राग आला होता. आता तुझ्या त्या हट्टाला हात जोडावेसे वाटतात, कारण दुसरी प्रत कुठे उरलेली नाही. ती न ऐकताच मला पुढे पाठव. दाबून धरायचं, माझं नाव निवडायचं, झालं.

तुझी,
शर्मिला

ता.क. यादीत आता स्लॅश घातला आहे, दोनदा तपासून पाहिलं. तात्यांच्या रिकाम्या फोल्डरचा रोज चोख बॅकअप होतो.

ता.क. २. 'न ऐकताच पाठव' हे मी खोटं लिहिलं. अकरावं रेकॉर्डिंग मी एकदाच ऐकलं आहे. त्यात शेत नाही, विहीर नाही, तुझं नाव आहे. पुढचं मला पाठ आहे, पण ते माझ्या आवाजात नको. पुढच्या रविवारी फोन घेऊन इकडे ये. बाल्कनीत त्यांची खुर्ची अजून आहे, तिच्यात तू बस, मी स्टूल घेईन. नाही म्हणशील, हे धरूनच लिहिते आहे. तरी ये.