हिलालच्या स्वभावाची तपासणी

३ जून
पुतणी ममता पीएच.डी. करते. विषय: धंद्यातली आणि हिशेबातली माणसं आतून काळी कशी असतात. लक्षणं तीन सांगितली. स्वतःच्याच प्रेमात असणं, दुसऱ्याला खेळवणं, केल्याचा पस्तावा नसणं. ऐकता ऐकता आमच्या केळी संस्थेचा हिशेबनीस हिलाल डोळ्यांसमोर आला. गोड बोलतो. कुणाशी भांडत नाही. असा माणूस सरळ कसा असेल? चेअरमन म्हणून छडा लावणं माझं काम. शाळा थोडी झाली, पण माणूस मला वाचता येतो.

५ जून
ममता म्हणते, आबा, अभ्यास करायचा तर आधी त्याची परवानगी घ्या. मग काय उरलं? आजकालच्या पोरींना प्रॅक्टिकल ठाऊक नाही.

६ जून, दुपारी
प्रयोग केला. हिलालला म्हटलं, माझ्या ट्रॅक्टरचं डिझेल संस्थेच्या खर्चात घाल. "खोटं मी लिखाव नई, आबा," म्हणाला, आणि वर माझ्यासाठी चहा सांगितला. केवढा खोल माणूस! जेवायला घरी आणला. कळण्याची भाकर, ठेचा. दोष स्वभावात आहे, पोटात नाही.

८ जून
हिलालनं संचालकांना सगळं सांगितलं. अमृतभाऊ व्हाइस चेअरमन. विचारतात, आबा, खोटी पावती मागितली? म्हटलं, मागितली, पण संशोधनासाठी. हसले. हसू देत. उद्या मीटिंगमध्ये हिलालला काढायचा ठराव मांडणारच. निम्मे त्याच्याकडे, निम्मे माझ्याकडे. महिलांच्या राखीव जागेवर माझी बायको धनुबाई, म्हणजे पारडं माझंच. संचालक ती, मीटिंगमध्ये तिच्या वतीनं बोलणार मी, ही गावाची रीत. रजिस्टर सहीला घरी येतं.

९ जून, सकाळी
धनुबाईनं ठेवणीतलं पातळ काढलं. "सही मन्ही शे, तं बोलनं बी मन्हंच," म्हणते. येऊ दे. पंख्याखाली बसेल.

९ जून, संध्याकाळी
ठराव पडला. धनुबाईचा हात हिलालच्या बाजूनं. भर मीटिंगमध्ये सांगितलं, ममता लक्षणं सांगत होती तेव्हा मी आमच्या यांच्याकडेच बघत होते. मग राजीनामा. मागितला सगळ्यांनी, पण दिला मी स्वतःहून.

११ जून
धनुबाई चेअरमन. बिनविरोध. सकाळी आठलाच ऑफिसला गेली. माझा अनुभव वाया जाऊ नये म्हणून हिलालला फोन केला, सल्लागार म्हणून रोज येईन म्हटलं.
"मॅडमले इचारीसन सांगस, आबा," म्हणाला.

१४ जून
हिलाल अजून विचारतोच आहे.