तारले इचार

नाना,

मेहरूणमधले तुमचे खांब आम्ही उतरवतो आहोत. कॉलनीतल्या तारा जमिनीखाली घ्यायचं काम निघालंय आणि त्या कामावरची इंजिनिअर तुमची मुलगी आहे. ज्या खांबांवर तुम्ही लाईनमन म्हणून उभा जन्म चढलात, ते आता क्रेनला बांधून आडवे होतात. खणलेल्या गल्लीतून वाट काढत परवा एक अक्का म्हणाल्या, "पहिले लाईट जायची, आता रस्ताच गेला!" तुम्ही खो खो हसला असतात. मला हसू आलं नाही. त्याच सकाळी माझ्या हातून एका माणसाचा जीव जाणार होता. तो वाचला तुमच्यामुळे, आणि मी तुमच्याशी नीट वागले नाही. तुम्ही गेलात तिथे पत्र पोचवणारी पेटी नाही हे मला कळतं, तरी लिहितेय.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नववीत आहे. मिक्सरची वायर तुटलीय आणि आईकडून शाबासकी मिळवायची म्हणून मी बटण बंद करून, पिन न काढताच, उघड्या तारेला हात घालतेय. तुम्ही दारातून आत येता आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातावर सणसणीत फटका देता. रागावलात की तुमची साक्रीकडची बोली उसळून यायची. "बटन सांगस बंद शे, अनी तू ऐकी लेस? तारले इचार!" मग तारेलाच विचारायचं म्हणजे काय ते दाखवायला तुम्ही टेस्टर लावलात, तर आतला दिवा पेटला. घर बांधताना कुणीतरी ते बटण चुकीच्या तारेवर बसवलं होतं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तुमचा कामावरचा जोडीदार असाच गेला होता, लाईन बंद आहे या निरोपावर विसंबून, हे आईने मला नंतर सांगितलं. तेव्हापासून निरोप आला तरी तुम्ही आधी तारांवर लोखंडी साखळी फेकायचात, वीज असली तर ठिणग्या उडून कळायचं, आणि मगच हात लावायचात. बाकीचे लाईनमन चिडवायचे, "नानांना तार म्हणजे सासू, विचारल्याशिवाय शिवत नाहीत." तुम्ही ऐकून घ्यायचात आणि साखळी फेकायचात.

जमिनीखालच्या तारेवर साखळी फेकता येत नाही, नाना. परवा खड्ड्यात दोन केबली शेजारी शेजारी होत्या. एक बंद केलेली, कापायची, आणि दुसरी चालू. नकाशा म्हणत होता डावी बंद, केबलवरची पट्टी तेच म्हणत होती, आणि लाईन बंद केल्याचा कागद माझ्या हातात होता. केबली कापून जोडणारा असोद्याचा जॉइंटर, दोन लेकरांचा बाप, करवत घेऊन खाली उतरला. मी म्हणाले, काप. हो, म्हणाले मी. तो करवत टेकवणार, तेवढ्यात माझ्या तोंडून तुमचाच शब्द निघाला, "थांब! वर ये. तारले इचारू दे." सगळे बघतच राहिले. बंद केबलीच्या दुसऱ्या टोकाकडून सिग्नल सोडून तो कुठल्या केबलीत येतो ते तपासायला लावलं. बंद होती ती उजवी. पट्ट्यांची अदलाबदल झाली होती.

नंतर चहा आला तेव्हा जॉइंटर कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. त्याने विचारलं, "मॅडम, हे कोणी शिकवलं तुम्हाले?" भोवती आमचे साहेब होते, कंत्राटदार होता. इतक्या वर्षांत ऑफिसात मी तुमचा विषय कधी काढलेला नाही. कुणी विचारलं तर वडील सरकारी नोकरीत होते म्हणते आणि पुढे बोलत नाही. माझे वडील लाईनमन होते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये शिकवतात." साहेबांनी मान डोलावली. जॉइंटर मात्र उठला, त्याने कप खाली ठेवला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला मागे सरकता आलं असतं. तो नमस्कार तुमचा होता, नाना, आणि मी तो घेतला.