खाली जाणारी बाजू

५ जानेवारी
पोचलो एकदाच्या! मी, माझी सहा वर्षांची ठमी आणि ढीगभर बोचकी. शाळेनं दिलेलं घर उताराच्या टोकाला एकटंच आहे, पण ऐसपैस. मुख्याध्यापिका म्हणाल्या, भूगोल शिकवणाऱ्याला पहिल्यापासून हेच घर देतात. माझा वर्ग वरच्या मजल्यावर. भिंतीएवढा टच स्क्रीन बघून मी हरखलेच. आजवर भूपट्ट, म्हणजे जमिनीचे सरकते तुकडे, शिकवले ते दोन वह्या एकमेकींत घुसवून. इथल्या सॉफ्टवेअरमध्ये भूपट्ट बोटानं सरकवायचे, की डोंगर वर येतात. ठमीचं नाव खालच्या मजल्यावर पहिलीत घातलं. तिला बाकं आवडली.

७ जानेवारी
सातवीचा वर्ग मुलखाचा घुम्या. मी विनोद केला की अशी बघतात, जणू मी त्यांच्या ताटात हात घातलाय. मॉनिटर मुलीचं नाव मी मनातल्या मनात जेलरीणबाई ठेवलंय. दोन भूपट्ट आपटले की जड असतो तो खाली जातो, हे मी सांगायच्या आधीच तिला पाठ. वर म्हणाली, कुणीतरी खाली गेल्याशिवाय दुसरा वर येत नाही, बाई. उत्तर बरोबर, म्हणून शाबासकी दिली.

१० जानेवारी
मुलांना गोडी लागावी म्हणून आज जगाचा नकाशा काढून गावाचा लावला. काय ती तरतरी आली वर्गात! मुलांनी एका दमात सीमारेषा ओढली. शाळा आणि सगळं गाव एका भूपट्टावर, आमचं घर दुसऱ्यावर. खाली जाणारा भूपट्ट म्हणून आमच्यावर टिचकी मारली. मीही हसले. घंटा झाली, ठमीला घ्यायची घाई, सॉफ्टवेअरमधला काळाचा वेग पुरता वाढवलेला तसाच राहिला.

१२ जानेवारी
घराचं दार लागत नाही. रस्ता उंबऱ्याच्या वर आलाय. स्क्रीन बंद केला, तारही उपटली, तरी नकाशा सरकतोच. दुसरं घर मागितलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, रिकामं नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, आधीच्या गुरुजींनी एवढी कुरकुर केली नव्हती. ते गुरुजी कुठे गेले, विचारलं. त्यानं सुटे पैसे पुढे केले आणि पाठ फिरवली. मला या गावाची चीड येते.

१५ जानेवारी
खिडकीतून निम्मी माती दिसते. बॅगा भरून स्टँडवर गेलो. कंडक्टरनं आमच्या तोंडावर दार लावलं. आतली माणसं हसत होती. ठमीला ताप भरलाय.

१६ जानेवारी
औषध घेऊन परत येते तो दार मातीखाली. ठमी आत. खिडकीच्या फटीतून तिची बोटं धरली, आलेच म्हणाले, आणि शाळेकडे धावले—

१६ जानेवारी, वर्गात
डाव्या हातानं लिहितेय. कुणाला सापडलं तर कळावं. उजव्या हाताचं बोट स्क्रीनवर. भूपट्ट उलटा ओढून धरला की घर वर येतं. इथून छप्पर दिसतं. पण मग शाळा खाली जाते. बोट उचललं की परत घर—

मुलं बाकांवर बसून आहेत. एकही पळत नाही. खालच्या मजल्याच्या खिडक्या मातीत गेल्या—

जेलरीणबाई म्हणते, मुख्याध्यापिकांनी मघाशीच ठमीला खिडकीतून ओढून काढलं. खाली, पहिलीच्या वर्गात बसवलंय. बाहेरून कुलूप.

खोटं बोलते. खोटंच असणार. सगळी हसताहेत—

हात बधिर झालाय—

आई म्हणून हाक आली. तिचीच. घरातून, की खालच्या वर्गातून— गप्प बसा रे मेल्यांनो, ऐकू द्या— परत आली— बोट उचलू की